बुरैहाच्या शब्दावर

कुर्तुबा शहराच्या पूर्वेच्या वस्तीत, कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बुरैहा राहायची. सुईण. वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, आणि त्या पोरांना दाढीमिशा फुटल्या तरी बाई त्यांना नावानं नाही, जन्मताना कसे आले त्यावरून हाक मारायची. "ए पायाळू, आईला सांग, संध्याकाळी येते." "काय रे आडव्या, लग्न झालं म्हणे तुझं?" भर बाजारात, चार माणसांत. बापडे माना खाली घालून निघून जायचे. तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती, कारण उद्या आपल्या घरातही हीच बाई लागणार हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

बाळंतपणं तर इतरही सुइणी करत होत्या. बुरैहाचं वेगळेपण असं की ती हकिमाचे हात होती.

हकीम इब्न वहीब हाडांचा माणूस. खलिफाच्या नव्या शहरात एका थोरल्या उस्तादांच्या हाताखाली बारा वर्षं घासून आलेला. फुटलेली कवटी तो सामत्यानं भोकं पाडून उघडायचा आणि आत रुतलेली हाडाची कपची काढायचा. सामत्याच्या टोकापासून थोडं वर लोखंडाचं कडं असे, म्हणजे हाड संपलं की पातं अडावं, आतल्या पापुद्र्याला लागू नये. असले बारा-पंधरा सामते त्याच्या पेटीत होते, कारण कवटीची जाडी माणसागणिक वेगळी. डोक्याच्या बाबतीत रोगी बाई असली तरी तो पडदा धरत नसे. जीव जात असताना केस कोण बघतंय, म्हणायचा. तेव्हा बुरैहा ते डोकं मांडीवर घट्ट धरून बसायची, आणि सामत्याची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून रोग्याच्या कानात कापूस कोंबायची.

पाठीचं मात्र तसं नव्हतं. बाईमाणसाची उघडी पाठ, कंबर परक्या पुरुषानं बघायची सोय नाही. हकीम देवाला भिऊन होता आणि बायकांचे नवरे हकिमाहून जास्त. मग खोलीच्या मधोमध लोकरीचा पडदा बांधायचा. पलीकडे बाई आणि बुरैहा, अलीकडे हकीम, तोही पडद्याकडे पाठ करून. तो विचारणार, ती चाचपणार आणि सांगणार.

प्रश्न ठरलेले होते. कुठला मणका? बाहेर आलाय की आत दबलाय? पायाची बोटं हलतात का? लघवी ताब्यात आहे का? मणका बाहेर आलेला असला आणि बोटं हलत असली तर बाक आणायचा. लांब लाकडी बाक, त्याच्या दोन्ही टोकांना जमिनीत रोवलेले खांब, खांबांना रहाटासारख्या दांड्या. रोग्याला पालथं निजवायचं, एक पट्टा काखेतून, बाकीचे कंबरेवरून, गुडघ्यांवरून, घोट्यांवरून. दोन माणसांनी दोन्हीकडे दांड्या फिरवायच्या. बाईमाणूस असलं की दोर पडद्याखालून बाहेर जायचे आणि ओढणारे पुरुष हकिमाच्या बाजूला उभे राहायचे. पाठ ताणली गेली की बुरैहा दोन्ही तळवे मणक्यावर ठेवून सगळा भार टाकायची. बाहेरून हकीम म्हणायचा, "दाब. अजून. थांब." अशा सात बाया तिनं बाकावरून उठून चालत गेलेल्या बघितल्या होत्या.

आणि बोटं हलत नसली, लघवी आपोआप जात असली, तर हकीम उठायचा. "असल्याला हात लावायचा नाही," म्हणायचा. उस्तादांचा नियम होता तो. वाचायची आशा नाही त्याला उगीच यातना का द्यायच्या, हे एक कारण. दुसरं कारण हकीम चारचौघांत बोलत नसे, पण बुरैहाला माहीत होतं. बाकावर कुणी मेलं की हकिमाचं नाव जातं. दोन्ही कारणं खरी होती, आणि त्यामुळंच तिला जास्त राग यायचा.

एका कुंभाराच्या बायकोचं असंच झालं. बुरैहानं खरं खरं सांगितलं, आणि हकीम उठून गेला. ती बाई पुढं चाळीस दिवस जगली. चाळीस दिवस बुरैहा तिच्या जखमा धुवत होती. हकीम बाक घेऊन दुसरीकडे गेला आणि तिथली बाई चालायला लागली, त्याची वस्तीभर वाहवा झाली. बुरैहाच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट बसली. नियम म्हणतो, असल्या बाया वाचत नाहीत. पण असलीला कुणी बाकावर घातलंय कधी? बघितलंच नाही तर कळणार कुठून? हे तिनं एकदा हकिमाला विचारलंही. हकीम म्हणाला, "उस्तादांनी बघितलंय."

बुरैहाला मूल नव्हतं. बहीण बाळंतपणात गेली, तीही हिच्याच हातावर, आणि मागं राहिलेली हमदूना हिनं वाढवली. पोर गोड होती. हिच्या फटकळ तोंडाला ती एकटीच भीक घालत नसे. "मावशी, तू ओरडायला लागलीस की भांडी घासायचं काम पटकन होतं," म्हणायची. सतराव्या वर्षी असबग नावाच्या खोगिराच्या कारागिराशी तिचं लग्न झालं. चौथ्या गल्लीत घर. बुरैहा दिवसातून एकदा तरी कसलं ना कसलं निमित्त काढून तिकडं जायचीच.

लग्नाला आठ महिने झाले आणि रेशमाच्या किड्यांचे दिवस आले. हमदूनानं अंडी छातीशी पुरचुंडीत बांधून उबवली होती, किडे बाहेर आले होते आणि रात्रंदिवस खात होते. त्यांना तुतीचा कोवळा पाला लागतो. पोर सकाळी झाडावर चढली आणि फांदीसकट खाली आली, पाठीवर, विहिरीच्या दगडी काठावर.

बुरैहा धावत गेली. हमदूना अंगणात चटईवर होती, तोंड पांढरं, पण शुद्धीवर. "मावशी, पाय कुठायत माझे?" तिनं विचारलं. बुरैहानं तिला आत नेऊन पालथं करवलं आणि चाचपलं. कंबरेच्या वरचा मणका बाहेर आला होता. तिनं तळपायाला सुई टोचली. पोरीला कळलं नाही. बोटं निपचित पडली होती. खालची चटई ओली झाली होती.

उत्तरं काय द्यावी लागणार ते तिला कळून चुकलं होतं.

हकीम आला, पडदा लागला. हकिमाच्या बाजूला असबग आणि त्याचा भाऊ उभे होते, दाराशी असबगची आई.

"कुठला मणका?"

"कंबरेच्या वरचा."

"बाहेर की आत?"

"बाहेर."

"बोटं?"

इथं बुरैहा थांबली. फार नाही, दोन श्वास. हकिमाला वाटलं असेल, बाई बघतेय. मग ती म्हणाली, "हलतात."

"लघवी?"

"कोरडी आहे. ताबा आहे."

आणि तेवढ्यात खालून हमदूना बोलली. पालथी होती, तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते. "हलतात? मावशी, हलतात माझी बोटं? मला तर कळतच नव्हतं गं."

"हलतात," बुरैहा म्हणाली. "गप्प पड आता."

पोर हसली. तोंड चटईत होतं तरी बुरैहाला तिच्या खांद्यांवरून कळलं. हे मात्र तिच्या हिशेबात नव्हतं. ती हकिमाशी खोटं बोलली होती, पण ऐकणारी दोन माणसं होती.

बाक आला, खांब रोवले गेले, दोर पडद्याखालून बाहेर गेले. असबगनं एक दांडी धरली, भावानं दुसरी. दोर ताठ झाले. काखेतल्या पट्ट्यानं पोर विव्हळली, पण किंचाळली नाही. बाहेर हकीम म्हणाला, "धीराची आहे." बुरैहानं तळवे ठेवले आणि सगळा जीव हातात आणून दाबलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तळव्याखाली हाड हललं आणि जागेवर गेलं. तिला ते नीट कळलं. वीस वर्षांत इतकं साफ काम तिच्या हातून झालं नव्हतं.

"बसलं," ती म्हणाली, आणि पडद्याआड बसून रडली.

हकीम खूश होता. अंड्याच्या पांढऱ्यात भिंतीची माती कालवून लेप, वर फळ्या, वर पट्टी. दर तीन दिवसांनी यायचा, दारातून विचारायचा, बुरैहा उत्तर द्यायची. "अंगठा हलला." "शेजारचं बोटही हलायला लागलंय." एकदा सुरू झालेलं खोटं मध्येच थांबवता येत नाही. आणि हकिमापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. रोज सकाळी हमदूना विचारायची, "आज किती?" बुरैहा सांगायची, दोन. तीन. चार. पोर संध्याकाळी नवऱ्याला ते सांगायची. असबगनं तिच्यासाठी मऊ कातड्याचे जोडे शिवायला घेतले. बुरैहानं ते बघितले आणि दुसऱ्या सकाळी सांगितलं, पाच.

पाठीला जखमा धरल्या, ताप यायला लागला. लघवीचं तर रोजचंच होतं. पांघरुणं असबगची आई धुवायची. बुरैहानं तिला बजावलं होतं की आजारात असं होतंच, चार ठिकाणी बोभाटा करू नका. म्हातारी भोळी होती. तिला वाटलं, सुईणबाई लाजेपोटी सांगतेय.

बाराव्या दिवशी हकीम आला तेव्हा बुरैहा एका बाळंतपणाला गेली होती. त्यानं म्हातारीला विचारलं, पोरीचं कसं आहे, लघवीचा ताबा ठीक आहे ना. म्हातारी म्हणाली, कसला ताबा, पहिल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मीच धुतेय, हात सोलले माझे. हकिमानं तिला दोनदा तेच विचारलं. दोनदा तेच उत्तर आलं. मग तो अंगणात पायरीवर बसून राहिला, बुरैहा येईपर्यंत. दुपार सरली.

ती आली आणि त्याच्याकडे बघताच समजली.

"पहिल्या दिवसापासून?" त्यानं विचारलं.

"हो."

"बोटं?"

"नाही."

हकीम ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं, तीही ओरडली असती. पण तो ओरडला नाही. म्हणाला, "ओढताना ती किंचाळली नाही. मला वाटलं, धीराची पोर आहे. अगं, तिला कंबरेखाली काही कळतच नव्हतं."

"हाड जागेवर गेलं होतं. तुम्ही नियम नियम करत बसला असता तर ती तशीच मेली असती."

"आता काय होणार आहे?"

बुरैहा आत जायला वळली.

"काखा बघितल्यास तिच्या? दोरांनी सोलल्यात, तिथं पू झालाय. तिथलं तिला कळतं ना? तेवढं तरी चुकलं असतं." तो उठला. "पडद्यापलीकडे मला तुझ्याशिवाय डोळे नव्हते, बुरैहा. आता तेही नाहीत. तुझ्या शब्दावर मी पुन्हा बाक बाहेर काढणार नाही."

"नका काढू," ती म्हणाली. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. तिला त्या घडीला हमदूनाशिवाय जगात कुणी दिसत नव्हतं.

हमदूना सतराव्या दिवशी गेली. आदल्या दिवशी तापात तिनं विचारलं होतं, आज किती, आणि बुरैहानं सांगितलं होतं, सगळी. "मग उद्या उठवा मला," पोर म्हणाली होती. असबगनं ते जोडे तिच्याबरोबर पुरायचा हट्ट धरला. असं करत नाहीत म्हणून मशिदीतल्या माणसांनी त्याला समजावलं, तेव्हा ते त्यानं बुरैहाच्या दारात आणून ठेवले आणि निघून गेला.

बुरैहाला पश्चात्ताप झाला का? वस्तीत यावर बायका पुष्कळ बोलल्या. ती कुणाला काही सांगत नसे. पण तिला ओळखणाऱ्यांना दिसत होतं की बाईला अजून राग येत होता, हकिमाचा, पडद्याचा, उस्तादांचा. पोरीला खोटं सांगितल्याचं दुःख तिला होतं, हकिमाला सांगितल्याचं नव्हतं. बाक एकदा तरी मिळाला पोरीला, असंच ती धरून बसली होती. पोरांना पायाळू, आडव्या म्हणून हाका मारणं मात्र तिनं सोडलं.

त्याच वर्षी ऑलिव्हच्या हंगामात भट्टीवाल्या गालिबची बायको रशीका गच्चीवरून सरपण खाली आणताना शिडीवरून पडली. दोन लेकरांची आई, चोवीस वर्षांची. बुरैहाला बोलावणं आलं. तिनं पालथं करून चाचपलं. मणका बाहेर. आणि बोटं हलत होती. खरोखर हलत होती, दोन्ही पायांची. सुई टोचली तर रशीकानं शिवी हासडली. अंथरूण कोरडं होतं. बुरैहाला इतका आनंद झाला की तिनं ते पाय कवटाळले. ही उठणार होती. सात उठल्या तशी ही आठवी.

गालिब हकिमाकडे धावला. हकिमानं विचारलं, तपासलं कुणी? गालिब म्हणाला, बुरैहानं. हकीम म्हणाला, दुसरी सुईण आणा, मग येतो.

दुसरी सुईण मिळायला एक दिवस गेला. नदीपलीकडून आणली, उज्बा नावाची, तरुण. बाळंतपणं चांगली करायची, पण पाठ तिनं आयुष्यात चाचपली नव्हती. बुरैहाचं काय झालं ते तिच्या कानावर आलेलं होतं. ती पडद्याआड बसली, बाहेर हकीम. बुरैहा तिच्या शेजारीच होती, तिचं बोट धरून जागा दाखवत होती.

बाहेरून प्रश्न आला. बोटं?

एव्हाना पाठ सुजली होती, बोटं कालच्यापेक्षा कमी हलत होती. उज्बानं बघितलं, पुन्हा बघितलं. "हलतात असं वाटतंय," ती म्हणाली. "नक्की नाही सांगता येत, हकीमसाहेब. माझ्या माथी नको."

"हलतात," बुरैहा म्हणाली. "मी हात ठेवलाय त्यांच्यावर. आत्ता हलतायत."

बाहेरून हकिमाचा आवाज आला, शांत. "मागच्या वेळी तू हेच म्हणाली होतीस. याच आवाजात."

"मग या ना आत! स्वतः बघा!" तिनं पडद्याला हात घातला. पलीकडून गालिबनं तो मुठीत घट्ट धरून ठेवला. हकीम पडद्याकडे पाठ करून बसला होता तसाच बसून राहिला, मग उठला. वाटलं असतं तर तो मान वळवू शकला असता. गालिब मूठ सोडू शकला असता. दोघांनीही तसं केलं नाही, आणि दोघांनाही कुणी कधी बोल लावला नाही.

बुरैहानं गालिबच्या हातापाया पडून सांगितलं, बाक नसेल तर नसू दे, दाराच्या चौकटीला दोर बांध, तू एकीकडून ओढ, मी दाबते. गालिब म्हणाला, हकिमांनी हात लावला नाही तिथं मी तुमच्या हाती देऊ? एक पोर मारलीत तेवढी बस झाली. असं तोंडावर म्हणाला. तिनं ऐकून घेतलं.

चौथ्या दिवशी बोटं थांबली. पाचव्या दिवशी अंथरूण ओलं झालं. बुरैहा रोज जात होती, उटणं लावत होती, कूस बदलत होती. त्या संध्याकाळी रशीकानं तिला थांबवलं. तिची थोरली मुलगी दारात अळशीचं पोटीस ढवळत होती, तिला तिनं बाहेर पाठवलं.

"मावशी, माझी बोटं हलत होती ना? तुम्ही खोटं नाही ना सांगितलं?"

"हलत होती."

"मग त्यांनी का नाही ऐकलं?"

बुरैहाला काहीतरी सांगता आलं असतं. देवाची मर्जी म्हणता आलं असतं, लोक तेच म्हणतात. पण तिनं सांगितलं. "मी आधी एकदा त्यांच्याशी खोटं बोलले होते. हेच उत्तर दिलं होतं. तिची हलत नव्हती."

"कुणासाठी?"

"माझ्या पोरीसाठी."

रशीकाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग वाचली का ती?"

"नाही."

रशीकानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा तुम्ही," ती म्हणाली. "उद्यापासून उज्बाला पाठवा."